काकू, भुवया वर करा!

आजची गोष्ट आमच्या घरच्या बेसिनपाशी सुरू होते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आईने चूळ भरली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. हसायला गेली तर तोंड उजवीकडे ओढलं गेलं. डावा डोळा मिटेना. शेजारचे काका एकच शब्द बोलले, "लकवा." आम्ही रिक्षा पकडून थेट हॉस्पिटल गाठलं.

तिथली डॉक्टर माझ्याच वयाची. तिने आईला बोलतं केलं, हातापायांची ताकद पाहिली. मग म्हणाली, "काकू, भुवया वर करा." कपाळाच्या उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी बाजू मात्र इस्त्री केल्यासारखी सपाट. तेव्हा कुठे डॉक्टर जरा निवांत झाली. "स्ट्रोक वाटत नाही. चेहऱ्याच्या नसेचा त्रास आहे, बेल्स पाल्सी." मला काही कळेना. भुवयांवरून हे ओळखलं कसं? आणि हा बेल कोण?

आपल्या मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. वास, नजर, चव, ऐकणं, गिळणं, जीभ हलवणं, सगळं त्यांच्यावर चालतं. पण 'बारा' हा आकडा ठरायलाच शतकं गेली. प्राचीन काळी गॅलेनने सात जोड्या मोजल्या. १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने नऊ. त्याच्या यादीत चेहऱ्याची आणि कानाची नस एकाच जोडीत होती: एक 'कडक भाग', एक 'मऊ भाग'. १७७८ मध्ये सोमेरिंग नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बारा जोड्या मांडल्या. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मी त्या वयात काय करत होतो, ते विचारू नका!

पण वायर मोजल्या म्हणजे कुठली वायर काय करते हे कळलं असं नाही. आणि त्या अज्ञानाची किंमत पेशंटनी मोजली. काहींच्या गालात वीज चमकावी तशी कळ येते. ही कळ पाचव्या नसेतून जाते. तेव्हाचे सर्जन मात्र ती थांबवायला सातवी नस कापायचे. कळ तशीच राहायची, वर अर्धा चेहरा कायमचा लुळा पडायचा.

आता येतो चार्ल्स बेल. एडिंबराचा सर्जन, चांगला चित्रकार, चेहऱ्यावरच्या भावांनी झपाटलेला. १८२१ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गाढवावरचे प्रयोग मांडले. सातवी नस कापली, तर त्या बाजूची नाकपुडी हलायची थांबली. इथवर ठीक. पण पाचव्या नसेची फांदी कापल्यावर गाढव ओठाने दाणे उचलेना, म्हणून बेलने ठरवलं की ओठ हलवणारी नसही हीच. दुसऱ्याच वर्षी त्याचाच जुना विद्यार्थी हर्बर्ट मेयो याने चूक दाखवली: ओठाची हालचाल गेलीच नव्हती, स्पर्श गेला होता. दाणा लागतोय हेच कळत नसेल, तर गाढव उचलणार काय? म्हणजे स्पर्श पाचवीचा, हावभाव सातवीचे. पाचवी हलवते ते चावायचे स्नायू.

आणि बेल? १८२४ मध्ये लेख पुन्हा छापताना त्याने मजकूर गुपचूप बदलला. आमच्या भाषेत सांगायचं तर गिटची हिस्टरीच बदलली! शिवाय या आजाराचं वर्णन जर्मनीच्या फ्रीडराइखने १७९८ मध्येच केलं होतं. नाव मात्र बेलचं राहिलं.

आता भुवयांचं कोडं. चेहऱ्याच्या खालच्या भागाला हुकूम मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून येतो, कपाळाला मात्र दोन्ही बाजूंकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला स्ट्रोक आला, तर तोंड वाकडं होतं, पण भुवया बहुधा दोन्ही उचलल्या जातात. नसच बिघडली तर कपाळासकट अख्खी बाजू पडते. म्हणजे जो चेहरा जास्त बिघडलेला दिसतो, तो बरेचदा कमी धोक्याचा असतो. म्हणूनच डॉक्टर सातवी नस तपासताना भुवया वर करायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगतात. पाचवीसाठी कापसाचा बोळा गालाला लावतात आणि दात आवळायला लावतात. ना मशीन, ना बिल!

पण एक नक्की ऐका. हे ऐकून घरी आरशासमोर निदान करत बसू नका. तोंड वाकडं झालं की तडक हॉस्पिटल. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बेल्स पाल्सीतही स्टेरॉइडची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झालेली बरी.

आईला बरं व्हायला दोन महिने लागले. रोज रात्री डोळ्याला पट्टी, दिवसा थेंब. एका रविवारी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. दोन्ही! इतक्या आनंदाने ओरडा मी कधीच खाल्ला नव्हता.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!