बिल्बाओ: ओसाड नदीकाठाचा कायापालट नेमका कशामुळे झाला?

स्पेनमधील बिल्बाओ म्हटले की टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेले गुगेनहाइम संग्रहालय डोळ्यांसमोर येते. फ्रँक गेरी यांनी रचलेली ही इमारत १९९७ साली नेर्व्हिऑन नदीकाठी खुली झाली आणि मरगळलेले शहर पर्यटनाच्या नकाशावर आले. एका भव्य इमारतीमुळे शहर पालटते, या समजाला ‘बिल्बाओ इफेक्ट’ हे नाव पडले. पण या बदलामागे न दिसणारी आणखी दोन कामे आहेत: जमिनीचा व्यवहार आणि नदीची सफाई.

जागा ओसाड का पडली?

बिल्बाओ हे पोलाद आणि जहाजबांधणीचे शहर. १९८०च्या दशकात हे उद्योग कोसळले आणि बेकारी २५ टक्क्यांच्या घरात गेली. १९८३च्या ऑगस्टमध्ये महापुराने जुने शहर उद्ध्वस्त केले. एउस्काल्दुना ही जहाजगोदी वाचवण्यासाठी कामगार रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या. तरीही १९८८ साली ती बंद झाली. बंदराचे कामही समुद्राच्या दिशेने सरकले. शहराच्या मधोमध आबांदोइबार्रा भागात गोदी, धक्के आणि रेल्वेचे यार्ड रिकामे उरले.

जमिनीचा प्रश्न कसा सुटला?

ही जमीन बंदर, रेल्वे अशा वेगवेगळ्या सरकारी खात्यांत विभागलेली होती. १९९२ साली ‘बिल्बाओ रिया २०००’ ही नफा न कमावणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे निम्मे भाग केंद्राच्या संस्थांकडे आणि निम्मे बास्क प्रांतातील सरकारे व पालिकांकडे होते. खात्यांनी जमीन दिली, पालिकेने तिचा वापर बदलून दिला. कंपनीने काही भूखंड घरे आणि कार्यालयांसाठी विकले आणि तो पैसा बागा, रस्ते व रेल्वेमार्ग झाकण्याच्या कामांत घातला. युरोपीय निधीचाही हातभार लागला.

आणि नदी?

घरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी थेट नदीत जात असे. काही पट्ट्यांत पाण्यातला प्राणवायू जवळपास संपला होता. १९७९ साली, म्हणजे संग्रहालयाचा विचारही नव्हता तेव्हा, सांडपाणी योजना आखली गेली. मोठ्या वाहिन्या आणि गालिंदो येथील शुद्धीकरण केंद्र उभे राहायला दोन दशके लागली. काठावर फिरायला माणसे आली, कारण दुर्गंधी गेली होती.

टीका कोणती?

संग्रहालयाच्या इमारतीचा सुमारे १० कोटी डॉलरचा खर्च बास्क सरकारी संस्थांनी, म्हणजे करदात्यांनी उचलला. आबांदोइबार्रातील घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. गोदीतले कुशल काम गेले आणि नवा रोजगार मुख्यतः सेवाक्षेत्रात आला. जमीन विकून विकास करण्याची पद्धत चढ्या भावांवर अवलंबून असते. २००८च्या मंदीत भाव पडले, तेव्हा हे उघड झाले.

नक्कल यशस्वी होते का?

स्पेनमधल्याच आविलेस या पोलादनगरीने खाडीकाठी ऑस्कर नीमायर यांच्या रचनेचे सांस्कृतिक केंद्र बांधले. २०११च्या मार्चमध्ये ते सुरू झाले आणि प्रांतिक सरकारशी कारभारावरून वाद झाल्याने त्याच वर्षअखेरीस बंद पडले. पुढे ते पुन्हा उघडले. इमारत सुंदर होती. कमी पडले ते संस्थांमधले एकमत, जे बिल्बाओने आधी जमवले होते.