इंजेक्शन की लेसर? पायावरच्या निळ्या जाळ्याचा इतिहास

विज्ञान शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात रक्ताभिसरणावरचे सत्र संपवून मी फळा पुसत होते. सगळे चहाला गेले होते. मागे थांबलेल्या एक बाई जवळ आल्या, साडीचा काठ चार बोटे वर घेऊन म्हणाल्या, "ताई, एवढं जरा बघा." घोट्याच्या आतल्या बाजूला निळ्या-जांभळ्या बारीक रेघांचे जाळे पसरले होते. पंचवीस वर्षे त्या फळ्यासमोर उभ्या राहून शिकवत होत्या. एका ठिकाणी त्यांना 'लेसर करून घ्या' असा सल्ला मिळाला होता, दुसऱ्या ठिकाणी 'इंजेक्शने घ्या' असा. लेसरचा खर्च त्यांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होता. "यातलं चांगलं कोणतं?" एवढेच त्यांना हवे होते.

माझ्या नावामागचे 'डॉ.' संशोधनाचे आहे, दवाखान्याचे नाही, हे मी त्यांना सांगितले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढे वाचत गेले तसे लक्षात आले की, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच 'चांगले उपचार कोणते हे ठरवायचे कसे' हे माणूस शिकत गेला आहे.

उभे राहण्याची किंमत

आधी थोडे भौतिकशास्त्र. पायातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे नीला. आपण स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या नीलेवर हृदयापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार असतो. हा स्तंभ सुमारे १.२ मीटर उंच. उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास येते. मग रक्त वर चढते कसे? पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा खोलवरच्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांच्या आत ठिकठिकाणी असलेल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. १९४९ साली पोलॅक आणि वुड या अमेरिकी संशोधकांनी घोट्याजवळच्या नीलेतला दाब प्रत्यक्ष मोजला. माणूस चालू लागताच तो झपाट्याने खाली येतो, असे त्यांना दिसले. म्हणजे पोटरी हा आपला दुसरा पंपच.

झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटे उतरते, नीला फुगते, वेडीवाकडी होते. तीन मिलिमीटरपेक्षा जाड झालेल्या अशा नीलांना डॉक्टर 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. एक मिलिमीटरहून बारीक, कातडीतच पसरलेल्या रेघा म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या 'स्पायडर व्हेन्स'. या दोन्हींच्या मधल्या असतात त्या जाळीदार नीला. आनुवंशिकता, वय, गरोदरपण, स्त्री-संप्रेरके आणि तासन्‌तास उभे राहणे या सगळ्यांचा त्यात हात असतो. बारीक जाळे बहुधा निरुपद्रवी असते. पण कधी कधी ते वरच्या एखाद्या नीलेच्या बिघाडाची खूणही असते. हा 'कधी कधी' पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

चाकू, डाग आणि एक सेनापती

इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये (इ. स. पू. सुमारे १५५०) पायावरच्या नागमोडी, गाठाळ फुगवट्यांचे वर्णन आहे आणि त्यांवर शस्त्र चालवू नये असा इशाराही आहे. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या उतारावर इ. स. पू. चौथ्या शतकातला एक कोरीव नवसाचा दगड सापडला. त्यात एक दाढीवाला माणूस भलामोठा पाय कवटाळून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही शिरांमुळे होणाऱ्या ग्रंथीचा उल्लेख आहे आणि दुबळ्या माणसाने केलेले अतिश्रम हे तिचे कारण सांगितले आहे.

रोममधला सेल्सस इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन उपाय सांगतो : शिरेला तापल्या लोखंडाचा डाग देणे, नाहीतर ती कापून काढणे. भूल नव्हती. रोमन सेनापती मारियसची गोष्ट प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. स्वतःला बांधून न घेता, हूं की चूं न करता त्याने एका पायाची शस्त्रक्रिया सोसली. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने नकार दिला. एवढ्या वेदनांच्या मानाने मिळणारा गुण काही मोठा नाही, असे त्याचे म्हणणे पडले. उपचाराचा फायदा आणि त्याची किंमत तराजूत घालून पाहणारा हा रुग्ण आजही आठवण्याजोगा आहे.

झडपा दिसल्या, पण अर्थ उशिरा लागला

पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ साली नीलांमधल्या झडपांवर पुस्तक प्रसिद्ध केले. झडपा त्याने उत्तम रेखाटल्या, पण रक्त यकृतातून बाहेरच्या दिशेने वाहते या जुन्या समजुतीमुळे, रक्ताचा लोंढा हातापायांत एकदम उतरू नये म्हणून त्या आहेत, असे त्याला वाटले. त्याच्या हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ साली खरा अर्थ लावला. दंडाला पट्टी बांधायची, हातावर उठलेली नीला एका बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त पुढच्या झडपेपलीकडे वर सारायचे. मधला भाग रिकामाच राहतो. वरून रक्त उतरत नाही. खालचे बोट उचलताच भरतो. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. रुमाल फार आवळू नये आणि मिनिटाभरात सोडावा, एवढेच पथ्य.

या ज्ञानाचा शस्त्रक्रियेत उपयोग व्हायला मात्र अडीच शतके लागली. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग याने १८९० च्या सुमारास रुग्णाला आडवे करून पाय उचलला, नीला रिकाम्या केल्या, मांडीजवळ मुख्य नीला दाबून धरली आणि रुग्णाला उभे केले. बोट काढताच रक्त वरून खाली धावले. म्हणजे दोष वर होता आणि फुगवटा खाली दिसत होता. त्याने ती नीला मांडीतच बांधून टाकली. पुढे १९०५ ते १९०७ च्या दरम्यान अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी अख्खी नीला ओढून काढण्याची साधने बनवली.

सुईची वाट

१८५३ साली फ्रान्समध्ये प्रावाझने पिचकारी बनवली आणि लगेचच फुगलेल्या नीलांत लोहाचे क्षार टोचून पाहण्यात आले. जंतुसंसर्ग, गुठळ्या, जखमा यांनी रुग्ण बेजार झाले. १८९४ साली ल्यों येथे भरलेल्या वैद्यकीय परिषदेत ही पद्धत त्याज्य ठरली.

तिचे पुनरागमन झाले ते भलत्याच वाटेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिफिलिसवरची औषधे नीलेतून देत असत. ज्या नीलेत सुई टोचली ती कालांतराने घट्ट होऊन बंद पडते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. इतरांनी हा त्रास मानला. जर्मनीत लिन्सर आणि फ्रान्समध्ये सिकार यांनी मात्र विचार केला की, नको असलेली नीला मुद्दाम अशीच बंद पाडली तर? पारा, सोडियम सॅलिसिलेट, तीव्र मिठाचे पाणी असे एकेक द्रव वापरून झाले. १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आले. ते साबणाच्या कुळातले. साबण जसा तेलकटपणा सोडवतो तसे ते नीलेच्या अस्तरातल्या पेशींची स्निग्ध पटले मोडते. अस्तर गेले की भिंती चिकटतात, आत तंतूंचे जाळे तयार होते आणि शरीर हळूहळू ती नीला पुसून टाकते. पोलिडोकॅनॉल हे दुसरे औषध मुळात जागा बधिर करण्यासाठी तयार झाले होते. १९६० च्या दशकात ते जर्मनीत याच कामी आले. त्यामुळे टोचताना दुखणे कमी झाले.

तुलना कशी करावी?

आता शस्त्रक्रिया आणि इंजेक्शन असे दोन पक्ष झाले. डब्लिनमध्ये फेगन इंजेक्शन देऊन पाय घट्ट बांधत असे आणि रुग्णाला चालायला लावत असे. रुग्णालयात खाट अडवावी लागत नसे. प्रत्येक पक्ष आपापल्या बऱ्या झालेल्या रुग्णांकडे बोट दाखवी.

लंडनच्या हॉब्जने यावर सरळ उपाय केला. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, ठरवले. सुरुवातीची काही वर्षे इंजेक्शनचे निकाल झकास होते. तेवढ्यावरच थांबले असते तर इंजेक्शन जिंकले असे जाहीर झाले असते. हॉब्ज सहा वर्षे थांबला. १९७४ साली त्याने निष्कर्ष मांडला की मांडीतल्या मुख्य नीलेच्या झडपा निकामी असतील तर शस्त्रक्रिया टिकते, आणि लहान, वरवरच्या नीलांसाठी इंजेक्शन सरस. 'चांगले कोणते' या प्रश्नाला 'कोणत्या नीलेसाठी?' आणि 'किती वर्षांनी पाहता?' असे दोन उपप्रश्न जोडले गेले, ते तेव्हापासून.

तिसरा उपप्रश्न असा : 'काहीच केले नाही तर?' २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बारीक जाळ्यासाठी काहींना पोलिडोकॅनॉल, काहींना टेट्राडेसिल आणि काहींना नुसते सौम्य मिठाचे पाणी टोचले. बारा आठवड्यांनी, कोणाला काय दिले हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी छायाचित्रे पाहून गुण दिले. यश अनुक्रमे सुमारे ९५, ९२ आणि ८ टक्के होते. दोन्ही औषधांनी जाळे जवळजवळ सारखेच गेले, पण रुग्णांचे समाधान पोलिडोकॅनॉलच्या गटात बरेच अधिक होते. मिठाच्या पाण्याचे ते ८ टक्केही विसरू नयेत. जाहिरातीतला 'आधी आणि नंतर' हा एकच फोटो किती कच्चा पुरावा आहे, हे ते सांगतात.

प्रकाशाची निवड

पहिला लेसर १९६० सालचा. कातडीवर तो वापरला की रक्तवाहिनीबरोबर आजूबाजूची कातडीही भाजे. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी दोन अटी मांडल्या. पहिली, रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडा. दुसरी, उष्णता बाहेर पसरण्याआधीच प्रकाशाचा स्पंद संपवा. वाहिनी थंड व्हायला लागणारा वेळ तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटरच्या वाहिनीला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात, तर १ मिलिमीटरच्या वाहिनीला शंभरपट, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद.

यात एक मेख आहे. कातडीतले मेलॅनिनही प्रकाश शोषते, आणि लहान तरंगलांबीचा अधिक शोषते. सावळ्या कातडीवर असा लेसर वापरला तर जाळे राहते बाजूला आणि डाग पडतो. म्हणून आपल्यासारख्या वर्णासाठी १०६४ नॅनोमीटरचा लांब तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. गोऱ्या कातडीवरचे निकाल आपल्यावर जसेच्या तसे लागू होत नाहीत.

शिवाय 'लेसर' या एका शब्दात दोन वेगळे उपचार दडले आहेत. एक कातडीवरून बारीक जाळ्यावर मारायचा. दुसरा १९९९ पासूनचा, बारीक तंतू थेट मोठ्या नीलेत घालून ती आतून बंद करण्याचा. या दुसऱ्या लेसरची तुलना ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर शस्त्रक्रिया आणि फेसाळ औषधाच्या इंजेक्शनशी झाली. पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये आले. त्रास कमी होण्याच्या बाबतीत लेसर आणि शस्त्रक्रिया फेसापेक्षा सरस ठरल्या. पण हा निकाल मोठ्या नीलांचा आहे. तो बारीक जाळ्याच्या जाहिरातीत वापरणे म्हणजे भूगोलाच्या पेपरचे गुण इतिहासात धरण्यासारखे आहे.

बारीक जाळ्यासाठी काय? २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. इंजेक्शनाने जाळे नक्की कमी होते, मात्र तपकिरी डाग आणि नव्या बारीक रेघांचा धोका वाढतो. हे डाग म्हणजे बाहेर झिरपलेल्या रक्तातले लोह. इंजेक्शन आणि कातडीवरचा लेसर यांच्यात जाळे जाण्याच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. दोन्हींत बहुधा एकाहून अधिक खेपा लागतात आणि नवे जाळे पुन्हा उमटू शकते. 'एकाच बैठकीत कायमचे' हे आश्वासन कोणत्याच उपचाराला शोभत नाही. घट्ट मोज्यांनी पायांचा जडपणा कमी होतो, पण असलेले जाळे जात नाही.

बाईंचे उत्तर

काही दिवसांनी मी बाईंना फोन केला. एकच विचारले, "तुम्हाला उभं करून कुणी पाय तपासला का?" नव्हता तपासला. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याला सूज येते, हेही कोणी विचारले नव्हते. रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जाऊन उभ्याने सोनोग्राफी करा, एवढा आग्रह मी धरला. तपासणीत मांडीतल्या मुख्य नीलेची झडप निकामी निघाली. कातडीवर लेसर मारला असता तर पैसे गेले असते आणि वरून येणाऱ्या रक्ताने जाळे पुन्हा भरले असते. ट्रेंडेलेनबुर्गने बोटाने दाबून जे दाखवले होते तेच पडद्यावर दिसले. आता आधी वरचा दोष, मग जाळ्याचा विचार, असे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवले आहे.

प्रत्येकीच्या बाबतीत असे निघेल असे नाही. नुसतेच बारीक जाळे असेल आणि त्याचा त्रास नसेल, तर काहीच न करणे हाही एक सन्मान्य पर्याय आहे. मारियसने दुसऱ्या पायासाठी तोच निवडला होता. मात्र एक पाय अचानक सुजला, दुखू लागला, किंवा घोट्याजवळ कातडी काळवंडली, जखम भरेना झाली, तर थांबू नये.

आणि फळ्यासमोर उभे राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी एक सोपी गोष्ट : एका जागी खिळून शिकवू नका. बाकांमधून फिरा, अधूनमधून टाचा उचला. पोटरीचा पंप चालू राहील आणि मागच्या बाकावरच्या मुलांकडेही लक्ष राहील.