अणू फोडणं आणि अणू जुळवणं

१९५५ साली जिनिव्हा शहरात अणुशक्तीवर मोठी जागतिक परिषद भरली. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. ते म्हणाले, येत्या वीस वर्षांत अणू जुळवून शक्ती मिळवण्याची रीत सापडेल. त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. अणू फोडून केलेली वीज महाराष्ट्रात केव्हाच आली. जुळवून केलेली वीज मात्र अजून कोणाच्याच घरी पोचली नाही. असं का?

फोडण्याला विखंडन म्हणतात. युरेनियमच्या जड अणूच्या गाभ्यात न्यूट्रॉन हा बारीक कण शिरला, की तुरीचा दाणा भरडावा तसे त्याचे दोन तुकडे होतात. उष्णता निघते, दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि ते शेजारचे गाभे फोडतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६९ मध्ये तारापूरला याच उष्णतेने पाण्याची वाफ करून वीज तयार होऊ लागली. भाभा मात्र १९६६ सालीच विमान अपघातात गेले.

जुळण्याला संमीलन म्हणतात. हायड्रोजनचे हलके गाभे जुळून हेलियम होतो. आपली तूर, पापड वाळवणारं ऊन त्यातूनच येतं. पण हे गाभे एकमेकांना दूर ढकलतात. सूर्याच्या पोटात प्रचंड दाब आहे, तिथे दीड कोटी अंशांवर काम भागतं. पृथ्वीवर दहा कोटींच्या वर तापवावं लागतं. तेवढं सोसणारं भांडंच नाही, म्हणून तो तापलेला वायू चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतात. गांधीनगरजवळ 'आदित्य' यंत्रावर १९८९ पासून हाच अभ्यास चालतो. गट फुटायला एक शब्द पुरतो, जुळायला वर्षं लागतात, अणूचंही तसंच.

राखेतही फरक आहे. विखंडनाचा कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो. संमीलनात हेलियम उरतो, तो निरुपद्रवी. यंत्राचे भाग मात्र किरणोत्सारी होतात.

आणि एक गोष्ट दोन्हींना लागते, ती म्हणजे जागा. तारापूरच्या पुढच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अणू फोडा की जुळवा. वीज कोणाला, जमीन कोणाची आणि कचरा कोणाच्या दारी, हे ग्रामसभेत विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही.