वासा

बदलापूर स्टेशनाभोवती टॉवर झाले, पण जुन्या बदलापूर गावात कौलारू घरं अजून आहेत. अशा घरात मान वर करून पाहावं. मध्ये आढं, त्यावरून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. भार पेलतात ते तळखड्यांवर उभे लाकडी खांब. भिंत नुसता आडोसा.

‘वासा’ आला संस्कृत ‘वंश’वरून. वंश म्हणजे आधी बांबू, मग छपराचं लाकूड. एका यज्ञमंडपाला ‘प्राचीनवंश’ म्हणत, कारण त्याचं आढं पूर्वेकडे रोखलेलं असे. बासरी याच बांबूची, आणि घराण्याचा वंशही हाच. पेरामागून पेर यावं तशी पिढीमागून पिढी.

मध्ययुगीन इंग्लंडातही ओकचा असाच सांगाडा उभारत. मधल्या चौकटींत काठ्या विणून त्यावर माती, शेण, गवताचा गिलावा करत. आपल्या डोंगरपट्ट्यातला कारवीचा कूड याहून वेगळा नाही. ‘कूड’ही जुनाच, संस्कृत ‘कुड्य’ म्हणजे भिंत.

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा वाक्प्रचार मला फार नेमका वाटतो. वर माळा नसला की जेवून आडव्या झालेल्या पाहुण्याची नजर थेट वाशांवर जाते. किती आहेत, सागाचे की बांबूचे, यावरून यजमानाची ऐपत कळते. मीठ खाऊन असा हिशेब करणारा तो कृतघ्न. सपाट स्लॅबखाली वाढणाऱ्या मुलांना हे सांगायचं तर वासा दाखवावाच लागेल. म्हणून जुनं घर उतरवण्याआधी जाणत्या सुताराकडून एकेका लाकडाचं नाव लिहून घ्या.