गुजराती येत नसताना नंदुरबार

मावसभावाची बदली नंदुरबारला झाली आणि "ये की एकदा" असा निरोप आला, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "अरे, तिथे गुजराती यावं लागतं का?" तो हसला. म्हणाला, "तू ये तर खरा. काय यावं लागतं ते तुझं तुला कळेल."

प्रश्न अगदीच खुळा नव्हता हो! नंदुरबारची बाजारपेठ मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत चालते हे ऐकून होतो, आणि माझं गुजराती 'केम छो'ला सुरू होऊन तिथेच संपतं.

तर गेलो. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूरला थांबली आणि मी मुद्दाम खाली उतरलो. ह्या स्टेशनाबद्दल घरातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. फलाट एक आणि राज्यं दोन. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एका बाकाचा अर्धा भाग ह्या राज्यात तर अर्धा त्या राज्यात, आणि घोषणा चार भाषांत. मीही इतरांसारखा बाकाच्या मधोमध बसून फोटो काढून घेतला. (हौस!) स्टेशन जुनं, सीमा नंतरची. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांमधली काही गावं गुजरातकडे गेली. उरलेला भाग पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

गुजराती इथे आली कशी, ह्याचं उत्तर रस्त्यात आहे. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग इथूनच जायचा. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या ह्या वाटेने गेला, आणि १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने नवापूरच्या तांदळाची भरभरून तारीफ केली. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास! इराणात कुणाला भेट पाठवायची तर ह्या तांदळाचं पोतं पाठवत, असं तो लिहितो. हा सगळा माल सुरतेकडे जाणार म्हटल्यावर हिशेबाची भाषा कुठली असणार, ते उघड आहे.

नंदुरबारला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणिक चौकात गेलो. मिरचीचा हंगाम संपला होता, तरी वाटेत ठसका लागलाच. चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२, म्हणजे 'चले जाव'ला बरोबर एक महिना झालेला. तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले.

इथे एक कबुली द्यायची आहे. शाळेत ९ ऑगस्टच्या भाषणात मी ह्या मुलांची घोषणा ठणाणा ओरडून म्हटली होती. त्यातला 'नमशे' हा शब्द मला नमस्काराचा काहीतरी जुना प्रकार वाटायचा. ती घोषणा गुजराती आहे आणि 'नमशे' म्हणजे 'झुकेल', हे मला त्या चौकात उभं असताना भावाने सांगितलं. इतकी वर्षं मी 'झुकणार नाही' असं ओरडत होतो आणि मला वाटत होतं की नमस्कार चाललाय! महाराष्ट्रातला एवढा मोठा हुतात्मा गुजरातीत घोषणा देत गेला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे गाव दोन भाषांचं खरं, असं मनाशी पक्कं करून तिसऱ्या दिवशी शहाद्यावरून एसटीने धडगावला गेलो. आणि तिथे सगळाच हिशेब चुकला.

एसटीत शेजारच्या दोन बायका अखंड बोलत होत्या, आणि ते ना मराठी होतं ना गुजराती. मधूनच एखादा ओळखीचा शब्द हाताला लागतोय असं वाटायचं, तोवर तो निसटून जायचा. धडगावच्या बाजारात उन्हाने काळपटलेल्या आंब्याच्या फोडी, म्हणजे आमचूर, घेऊन एक बाई बसली होती. व्यापाऱ्याशी ती गुजरातीत घासाघीस करत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "घ्या ना दादा, चांगला माल आहे." आणि लगेच पोरीला काहीतरी दटावलं, ते तिच्या पावरीत. तीन भाषा, एका दमात. आणि मी शिकलेला माणूस, एकच घेऊन आलेलो!

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा १९०७ साली निघालेला खंड भिल्ली भाषांचा आहे. पावरी, मावची, देहवाली सगळ्या त्यात आहेत, अहिराणीसुद्धा. म्हणजे कागदोपत्री ह्या भाषा माहीत होत्या. तरीही १९६० च्या आधी वाद झाला तो असा, की इथली माणसं बोलतात ती गुजरातीची पोटभाषा की मराठीची? शेजारच्या डांगाचं तेच झालं. डांगी मराठी की गुजराती ह्यावर दोन्हीकडचे विद्वान आणि पुढारी भांडले आणि शेवटी डांग गुजरातेत गेला. दोघा भावांनी वाटणी केली खरी, पण घर तिसऱ्याचंच होतं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले शंभरात एकोणसत्तर जण अनुसूचित जमातींचे. सीमेच्या अलीकडे त्यांची पोरं मराठी शाळेत गेली, पलीकडे त्यांच्याच सोयऱ्यांची पोरं गुजराती शाळेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकत आमचं घर मोठं झालं. मुंबई, बेळगाव, डांग ही नावं आजोबांच्या तोंडी सतत असायची. आजोबांचा राग खोटा नव्हता. पण डांगातली माणसं घरी काय बोलतात, हा प्रश्न आमच्या ओसरीवर कधी निघाल्याचं मला आठवत नाही.

आमचूर घेतलं, अर्धा किलो. पैसे देताना विचारलं, "ताई, तुमच्या भाषेत ह्याला काय म्हणतात?" तिने सांगितलं. मी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, तर पोरगी खुदकन हसली. आईने पुन्हा सावकाश सांगितलं. मी पुन्हा लिहिलं. पोरगी पुन्हा हसली.

तो शब्द वहीत दोन तऱ्हांनी लिहिलेला आहे. दोन्ही चूक आहेत.