शेजाऱ्यांचं पिल्लू दिवसभर सांभाळणार आहात? हो म्हणण्याआधी हे वाचा

घरात दोन महिन्यांचं पिल्लू येतं. पहिला आठवडा सुट्टी काढून निभावतो आणि मग प्रश्न पडतो, दिवसभर याच्याकडे बघणार कोण? अशा वेळी शेजारच्या काकू, घरून काम करणारा मित्र किंवा कॉलेजला सुट्टी असलेली भाची आठवते. “त्रास काही नाही, झोपूनच असतं,” असं सांगून पिल्लू सोपवलं जातं.

झोपून असतं हे खरं आहे. पण उरलेल्या वेळात बरंच काही घडतं. पिल्लू दुसऱ्याचं असल्यामुळे ऐनवेळी निर्णय कोणी घ्यायचा हेही अडतं. म्हणून काही गोष्टी आधीच ठरलेल्या बऱ्या.

आधी काय विचारून घ्यायचं?

पहिला प्रश्न वयाचा. भारतात २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्याहून लहान पिल्लाला आईची गरज असते, ते दिवसभर दुसऱ्याकडे ठेवण्याजोगं नसतं.

दुसरं, लसीकरणाचं कार्ड. त्याचा फोटो मागून घ्या. कोणती लस झाली, पुढची कधी आहे आणि जंताचं औषध कधी दिलं, हे त्यातून कळतं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच विचारायचा राहतो: “तुमचा फोन लागला नाही आणि पिल्लू आजारी पडलं, तर मी त्याला दवाखान्यात नेऊ का? कोणत्या? किती खर्चापर्यंत?” याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. यात संकोच नको. मालक मीटिंगमध्ये आहे म्हणून दुपार वाट बघण्यात गेली, तर लहान पिल्लाच्या बाबतीत तो उशीर महागात पडतो.

दिवस कसा जातो?

लहान पिल्लं दिवसातले साधारण १८ ते २० तास झोपतात. जाग आली की शू, मग खाणं, पुन्हा शी-शू, थोडं खेळणं आणि परत झोप, असं चक्र चालतं. बराच वेळ जागं राहिलेलं पिल्लू सैरावैरा धावतं, जास्त चावतं. त्याला अजून खेळवू नका, शांत कोपऱ्यात झोपवा. मालकाच्या घरातला एखादा जुना टी-शर्ट अंथरुणात ठेवला, तर ओळखीच्या वासाने ते लवकर शांत होतं.

शू रोखून धरण्याचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. ही कमाल मर्यादा झाली. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. जागेवर केली की लगेच शाबासकी द्या. फरशीवर झाली तर पुसून टाका. ओरडल्याने किंवा नाक घासल्याने ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं.

खायला काय द्यायचं?

मालक देतात तेच आणि तेवढंच. तीन महिन्यांपर्यंत साधारणपणे दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं. वाटीभर दूध प्रेमाने दिलं जातं, पण गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चहा-कॉफी आणि शुगर-फ्री च्युइंगम कुत्र्यांसाठी विषारी आहेत. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. माणसांच्या तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका.

बाहेर फिरवायचं का?

लसीकरण पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावर खाली सोडू नका. लसींचा क्रम साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतो. तोवर सगळ्यांत मोठी भीती पार्वोची. हा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो, तुमच्या चपलांमधूनही घरात येऊ शकतो आणि साध्या फिनेलने मरेलच याची खात्री नसते. त्यामुळे बाहेरच्या चपला दाराबाहेर ठेवा. तुमच्या घरात कुत्रा असेल, तर त्याच्या लसी वेळेवर झाल्या आहेत ना हेही बघा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो.

पण दिवसभर कोंडून ठेवणंही बरोबर नाही. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, त्याची पिल्लाला सवय होते. कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहा, रिक्षा, कुकरची शिट्टी, मिक्सर ऐकू द्या.

चावलं तर?

पिल्लं सगळं तोंडात घेऊन बघतात. हात काढून घ्या, चावायचं खेळणं पुढे करा. लहान मुलांना पिल्लाजवळ एकटं सोडू नका.

खेळता खेळता दात लागून कातडी फाटली किंवा ओरखडा उठला, तर मात्र ते हसण्यावारी नेऊ नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या सुमारास देतात, म्हणजे तुमच्याकडच्या पिल्लाला ती बहुधा मिळालेली नसते. पिल्लाला रेबीज होत नाही हा समज चुकीचा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही किंवा मालक नाही.

थेट दवाखाना कधी?

• वारंवार उलट्या, पातळ किंवा रक्त पडणारी दुर्गंधीयुक्त शी
• खाणं-पिणं बंद, पिल्लू निपचित पडलेलं
• थरथर, झटके, हिरड्या पांढऱ्या पडणं
• उन्हाळ्यात जोरजोरात धाप आणि तोंडातून लाळ
• विषारी काही खाल्ल्याची शंका

निघतानाच मालकाला फोन करा, पण उत्तराची वाट बघत थांबू नका.

संध्याकाळी परत देताना

किती वेळा खाल्लं, शी कशी होती, किती झोपलं, कुठे पडलं किंवा काही गिळलं का, एवढं चार ओळींत लिहून पाठवा. पिल्लाला काही झालं तर डॉक्टर हेच विचारतात आणि दिवसभराचं उत्तर मालकाकडे नसतं.

आणि दर दोन-तीन तासांनी उठणं तुम्हाला जमणार नसेल, तर सुरुवातीलाच तसं सांगा. मालकाला वेळेवर दुसरी सोय बघता येते. होकार देऊन पिल्लू दिवसभर बाथरूममध्ये बंद ठेवण्यापेक्षा स्पष्ट नकार केव्हाही बरा.