भागाकार : शब्दांचे आणि चिन्हांचे मूळ

भागाकाराचे शब्द वाटणीतून आले. ‘भज्’ या संस्कृत धातूचा एक अर्थ वाटणे. जे वाटायचे ते भाज्य, ज्याने वाटायचे तो भाजक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) या क्रियेला भागहार, भाजकाला हर आणि उत्तराला फल म्हटले आहे. शाळेतल्या मराठीत हर मागे पडला आणि अपूर्णांकात ‘छेद’ रुळला. ‘बाकी’ मात्र मूळचा अरबी, फारसीमार्गे दफ्तरात आलेला. न वसूल झालेला साराही बाकी आणि भाग लावून उरलेली संख्याही बाकी.

पेण-रोह्याच्या भातपट्ट्यात भागाकार खळ्यावरच होत असे. खोती गावांत, म्हणजे जिथे साऱ्याची वसुली खोत या वतनदाराकडे असे, कूळ अर्धेलीने किंवा तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा, खोताला घाली. एक खंडी, म्हणजे २० मण भात तिर्धेलीने वाटायचे तर प्रत्येक वाट्याला ६ मण, बाकी २ मण. मणाच्या १६ पायल्या धरून त्या बाकीच्या ३२ पायल्या. वाट्याला १०, बाकी २. पायलीचे ४ शेर, म्हणून ८ शेर; वाट्याला २, बाकी २ शेर. प्रत्येक बाकी लहान मापात मोडली की तीच नवे भाज्य होते. हे गणित ज्या कुळाला येत नसे, त्याला दुसऱ्याच्या मापावर विसंबावे लागे. म्हणून अशा वाटणीत हिशेब येणे ही मोठी ताकद होती. पुढे १९४९च्या कायद्याने खोती संपली.

चिन्हे बरीच उशिराची. त्यांच्याआधी, बख्शाली या जुन्या भारतीय गणिती हस्तलिखितात भागाकारासाठी ‘भा’ हे अक्षर येते. भारतात अंशाखाली छेद लिहीत, पण मध्ये रेघ नसे. ती रेघ बाराव्या शतकातल्या मगरिबी (वायव्य आफ्रिकेतल्या) गणिती अल्-हस्सारकडे आढळते; फिबोनाचीच्या १२०२च्या ग्रंथाने ती युरोपात नेली. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी योहान रान याने झुरिचला १६५९ मध्ये छापले. त्याआधी युरोपात काही ठिकाणी ते वजाबाकीचे चिन्ह होते. १६६८च्या इंग्रजी भाषांतराने ते इंग्लंडात रुजले आणि इंग्रजी वळणाच्या पाठ्यपुस्तकांतून मराठी शाळेत आले. लायब्निझने १६८४ मध्ये दोन टिंबे वापरली. जर्मनीत आजही तीच चालतात, मराठी पुस्तकांत ती गुणोत्तराला लागतात.

पाटीवर प्रत्यक्ष भाग लावताना ÷ येतच नाही : डावीकडे भाजक, कंस, मध्ये भाज्य, पुन्हा कंस, उजवीकडे भागाकार. गणिती चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकानेही ÷ वापरू नये असे म्हटले असून तिरपी किंवा आडवी रेघ सुचवली आहे.